बरणीवरची फुंकर

५ नोव्हेंबर

पोचले एकदाची! बसने फाटकासमोर सोडलं तेव्हा पाठीचा पार भुगा झाला होता, पण फाटकावरची पाटी वाचली आणि शीण पळाला. पशुरोग संशोधन केंद्र, आणि त्याखाली बारीक अक्षरांत, गोचीड विभाग. या विभागाची मी प्रमुख. विभागात माझ्याशिवाय दुसरं कोणी नाही ही गोष्ट वेगळी. प्रमुख ती प्रमुखच.

घर प्रयोगशाळेच्या मागच्या भिंतीला लागून आहे. दोन खोल्या. एक खिडकी गोठ्याकडे उघडते, दुसरी उंच गवताच्या माळाकडे. नळाला पाणी येतं, दाराची कडी लागते, पलंग कुरकुरतो. माझ्या आधीच्या बाईंना खिळे ठोकायची भारी हौस असावी. माझे सगळे कपडे टांगून झाले तरी खिळे उरलेत.

ही वही ताईने दिली. म्हणाली, फोनवर तू सगळं छानच आहे म्हणतेस, निदान वहीशी तरी खरं बोल. आई गेल्यावर ताईनेच मला वाढवलं. मी तिच्या कमरेला विळखा घालून दिवसभर मागे मागे फिरायचे, म्हणून ती मला गोचीड म्हणायची. पुढे मी खरंच गोचिडांवर शिकायला घेतलं तेव्हा ती हसून हसून बेजार झाली होती. आता तिला मुलगी झालीय. नाव ठरेपर्यंत सगळे चिमणी म्हणतात, आणि नाव काही ठरत नाही. मी मावशी झाले तरी भाचीला अजून मांडीवर घेतलेलं नाही. इथे जरा बस्तान बसलं की दोघींना बोलावणार.

६ नोव्हेंबर

केंद्राचे मुख्य म्हणजे मोठे साहेब. आवाज मोठा, चष्मा मोठा, उंची माझ्या खांद्याएवढी. पहिल्याच भेटीत म्हणाले की गोचीड तापाचं काम इथे बरीच वर्षं बंदच आहे, तेव्हा फार उत्साह दाखवू नका, जमेल तेवढं करा. मला कोणी जमेल तेवढं कर म्हटलं की माझं डोकंच फिरतं. गोचीड चावतो, त्याच्या लाळेतून जंतू रक्तात उतरतो, आणि कालपर्यंत धडधाकट असलेली गाय तापाने फणफणून डोळ्यांदेखत आडवी होते. हे थांबवणारी लस करायची म्हणून मी आलेय. जमेल तेवढं करायला नव्हे.

गोठा मामा बघतात. कोणाचे मामा ते ठाऊक नाही, सगळ्यांचेच. दिवसभर शीळ घालतात, आणि गाणं अर्ध्यावर सोडून दुसरं धरतात. त्यांनी मला भुरीची ओळख करून दिली. भुरी म्हणजे गोठ्यातलं सगळ्यात लहान वासरू. तिने ओळख म्हणून माझ्या कोटाचं बटण चघळलं.

मग माझी खरी खोली बघितली, गोचिडांची. खिडकी नाही, एकामागे एक दोन दारं, आत उबदार दमट हवा. भिंतीला लोखंडी मांडणी, मांडणीवर काचेच्या बरण्या, आणि प्रत्येक बरणी साबणाच्या पाण्याने भरलेल्या परातीत उभी. एखादा गोचीड निसटलाच तर पाण्यात पडावा म्हणून. बरण्या रिकाम्या होत्या. फक्त सगळ्यात खालच्या फळीवर एक भरलेली होती, झाकणाला मेण लावून बंद केलेली. आत वाळलेल्या मसुरीसारखे गोचीड पडले होते.

साहेब म्हणाले की ती बरणी भट्टीत टाकायची आहे. आधीच्या बाई मुलाला भेटायला म्हणून घरी गेल्या त्या परत आल्याच नाहीत. जाताना एवढंच बजावून गेल्या होत्या की बरणी जाळा. पण विभागप्रमुखाच्या सहीशिवाय काही जाळता येत नाही, आणि प्रमुखच नव्हता, म्हणून बरणी तशीच राहिली. साहेबांनी कागद पुढे केला. मी विचारलं, बाईंचं पुढे काय झालं? त्यांनी चष्मा पुसला, वाईट झालं म्हणाले, आणि विषय बदलला.

सही मी केलेली नाही. बघितल्याशिवाय मी कशावरच सही करत नाही.

९ नोव्हेंबर

गोचिडाला उडता येत नाही, उडीही मारता येत नाही. तो गवताच्या पात्याच्या टोकावर चढतो, पुढचे दोन पाय हवेत पसरतो आणि वाट बघतो. त्याचं नाक त्या पायांतच असतं. जवळून जनावर गेलं, त्याचा श्वास लागला, की पाय हलायला लागतात. अंग घासलं की धरतो. तोवर उपाशी. महिनोन्महिने उपाशी, काही जाती तर वर्षंच्या वर्षं.

म्हणून आमच्या धंद्यात गोचीड मेला की जिवंत हे बघायची एकच रीत आहे. तोंडाने हळूच फुंकर घालायची. आमच्या गुरुजींची तर सक्त ताकीद होती की फुंकर घातल्याशिवाय कुठल्याही गोचिडाला मेला म्हणायचं नाही. आज मी बरणीचं मेण खरवडलं, वरची जाळी तशीच ठेवली आणि फुंकर घातली. काही नाही. पुन्हा घातली. काही नाही.

मामा दारातून म्हणाले की बाई, मेलेल्यांना कशाला उठवताय. मी म्हटलं, मामा, मेलेत की नाही हे मी ठरवणार.

१३ नोव्हेंबर

रोज सकाळी गेले. बरणीखालच्या परातीत कोमट पाणी भरलं, ओलावा वाढवला आणि फुंकर घातली. साहेबांनी एकदा डोकावून विचारलं की सही झाली का. मी म्हटलं, होईल.

आणि आज उठले!

आधी एकाचा पाय हलला. मग शेजारच्याचा. मग सगळी बरणी सळसळली, आणि बघता बघता सगळे जाळीखाली येऊन, पुढचे पाय वर करून, माझ्या तोंडाच्या दिशेने ताठ झाले. मी डावीकडे सरकले, पाय डावीकडे. उजवीकडे सरकले, पाय उजवीकडे. इतकी वर्षं उपाशी राहून जिवंत! मी तिथल्या तिथे नाचले. साहेबांना ओढत नेऊन दाखवलं. त्यांचा चेहरा पडला. जाळून टाका, म्हणाले. मी सरळ सांगितलं की असा चिवट वाण जगात दुसरीकडे कुठे मिळेल हे दाखवा, मग जाळते.

ते सहीचा कागद मेजावर टाकून निघून गेले. मी जिंकले.

१७ नोव्हेंबर

सशांवर सोडले तर बसेनात. नुसते केसांतून फिरतात आणि उतरतात. शेवटी भुरीच्या कानाला कापडी पिशवी बांधली, पिशवीत थोडे सोडले, तोंड घट्ट आवळलं. तासाभरात सगळे चिकटले. भुरीला काही कळलंसुद्धा नाही. गोचीड चावताना आधी जागा बधिर करतो, त्यामुळे दुखत नाही. चोराने घरात शिरताना घरधन्याला झोपवावं तशी सोय.

ताईचा फोन आला होता. चिमणी पालथी पडायला लागली. मी ताईला बरणीची हकीकत सांगितली, तर म्हणाली, तू लहानपणीही मेलेलं पाखरू घरात आणून त्याला ऊब द्यायचीस. मी म्हटलं, आणि ते उडालं होतं हेही सांग. ती म्हणते, उडालं नव्हतं, मी गुपचूप पुरलं होतं. इतकी वर्षं मला हे कोणी सांगितलं नाही! मी तिच्यावर खरीच चिडले आणि मग दोघी हसत बसलो.

२१ नोव्हेंबर

भुरीला ताप. हे अपेक्षितच होतं, जंतू किती तीव्र आहे ते बघायचंच होतं. रक्त घेतलं, काचेवर पसरलं, सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. पुस्तकातल्या कुठल्याच चित्राशी जुळत नाही. बारीक, टोकदार, जोडीजोडीने पडलेला. नवा आहे. माझा आहे!

मानेवर केसांखाली हाताला काहीतरी लागलं. आरशात दिसेना. बोटाने चाचपलं तर बारीकशी गाठ, मधोमध खपली. चावलेली जागा, पण गोचीड तिथे नाही. पिऊन गळून पडला असणार. कधी बसला, कसा बसला, कळलंच नाही. पिशवी बांधताना निसटला असेल. या कामात चावून घेणं काही नवलाचं नाही, गुरुजींच्या तर अंगावर नकाशा झाला होता.

२४ नोव्हेंबर

ताप. हाडं ठणकतात. गावातले डॉक्टर येऊन गेले, गोळ्या दिल्या. मामा पातेलंभर पेज ठेवून गेले. ताईला कळवायचं नाही असं साहेबांना बजावलंय. कळलं तर ती लेकीला कडेवर मारून पहिल्या बसने येईल. हट्टात ती माझ्यावर ताण आहे, फक्त ती हसत हसत करते म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

२८ नोव्हेंबर

ताप उतरला. अंगात नवं बळ आल्यासारखं वाटतं. भूक मात्र नाही. पेज तशीच आंबली. पाव तोंडात घातला तर माती. तरी अशक्तपणा नाही, उलट डोकं लख्ख आहे.

भुरीचाही ताप उतरला. तीही खात नाही. आईचं दूध पीत नाही. मामांनी बोलावून दाखवलं: ती पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर पुढचे दोन्ही पाय ठेवून, मान लांब करून, अगदी निश्चल उभी होती. मामा म्हणाले की सकाळपासून अशीच आहे, हुसकली तरी पुन्हा तिथेच जाते. मी जवळ गेले तर माझ्याकडे बघितलंही नाही. मामा हलले की मात्र तिचं नाक मामांबरोबर फिरायचं.

मामांनी आज शीळ घातली नाही.

१ डिसेंबर

हे शांतपणे लिहायचं असं ठरवलंय.

सकाळी गोठ्यात गेले तर भुरी आईच्या मानेला तोंड लावून उभी होती. मामा म्हणाले, बघा, माया आली परत. कालपासून सोडायला तयार नाही. गाय आरामात रवंथ करत होती. मी गायीची खालची पापणी ओढून बघितली. आत रंगच नव्हता. पांढरीफटक. हिरड्याही पांढऱ्या. भुरीला बाजूला ओढलं तर येईना. मामांनी आणि मी दोघांनी मिळून ओढलं तेव्हा सुटली. तोंड लाल. मानेवरचं कातडं चघळून चघळून उघडं पडलं होतं आणि गायीला त्याचा पत्ताच नव्हता. शेपटीने माशी उडवावी तसंही तिने केलं नाही.

दुपारी गाय गुडघ्यांवर बसली ती उठली नाही.

साहेबांनी भुरीला कायमचं झोपवायची सुई द्यायला सांगितली. तिचं डोकं मी मांडीवर धरलं होतं. गोठ्यात इतकी जनावरं होती, मामा होते, पण ती सगळ्यांना सोडून आईकडेच गेली. नेहमीच्या वासाकडे, नेहमीच्या उबेकडे. मी खूप रडले. बटण चघळणारं वासरू होतं ते.

३ डिसेंबर

आज बरणी जाळायचं ठरवून गेले. नमुना म्हणून काही ठेवून घ्यावेत, जिवंत किती आहेत बघावं, म्हणून फुंकर घातली.

एकही पाय हलला नाही.

पुन्हा घातली. जाळीला तोंड टेकवून घातली. बरणीत कोणी ढिम्म हललं नाही. मेले असं वाटलं. एवढ्यात मामा बादली घेऊन दारात आले, लांब, पार दुसऱ्या दाराशी, आणि सगळी बरणी सळसळून उठली. सगळ्यांचे पाय वर. सगळ्यांची तोंडं मामांकडे. मी मधोमध उभी होते, माझ्या अंगावरून, माझ्या आरपार, ते मामांकडे बघत होते.

मामांना बाहेर पाठवलं. फुंकर घातली. काही नाही.

गोचीड जनावराच्या श्वासाला उठतो. दुसऱ्या गोचिडाच्या श्वासाला उठत नाही.

आणखी एक गोष्ट आहे, तीही लिहिते. ताईने खरं बोल म्हणून सांगितलंय. मामा दारात आले तेव्हा ते दिसायच्या आधी मला कळले होते. आणि माझे दोन्ही हात कोपरापासून वर उचललेले होते.

४ डिसेंबर

घाबरून काही होत नाही. विचार करू.

जंतूला एका अंगातून दुसऱ्या अंगात जायचं असतं. त्यासाठी तो आपल्या वाहनाला बदलतो, जास्त भुकेलं करतो, जास्त चिकाटीचं करतो. गोचिडांत असं घडतं हे मीच शिकलेय. आता वाहन मी आहे. ठीक. पण मी वासरू नाही. मला कळतंय की मला काय होतंय, आणि ज्याला कळतं तो लढू शकतो.

केलेली कामं: बरणी भट्टीत टाकली. सही केली, ठळक केली. राख स्वतः ढवळली. माझं रक्त काढून, बंद करून, मोठ्या प्रयोगशाळेकडे पाठवलं. उत्तर येईपर्यंत कोणाच्या जवळ जायचं नाही. साहेबांना सगळं स्पष्ट सांगितलं, मधे मेज ठेवून, खिडकी उघडी ठेवून. बाई मुलाला भेटायला गेल्या तेव्हा काय झालं, ते विचारलं. साहेबांनी चष्मा काढला आणि पुसत राहिले. मुलगा सापडला तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक, पण शांत होता, एवढं म्हणाले.

मग म्हणाले की तुम्ही तापातून उठलात, वासराचं मनाला लावून घेतलंत, दवाखान्यात जा. दवाखान्यात! जिथे माणसं ओळीने, न हलता, पडलेली असतात! मी नाही म्हटलं. इतक्या जोरात म्हटलं की बाहेर मामा दचकलेले मला कळले.

साहेबांच्या गळ्याशी एक शीर आहे. बोलताना उडते. मी सगळा वेळ तिच्याकडे बघत होते.

६ डिसेंबर

साहेबांनी ताईला फोन केला.

काळजीपोटी केला. मला माहीत आहे. तरी त्यांचा चष्मा फोडावासा वाटला.

मी ताईला फोन लावला, येऊ नकोस म्हटलं. ओरडले. ती म्हणाली की तू ओरडतेस म्हणजे नक्कीच बरी नाहीस, निघालेच. मी म्हटलं की मला लागण झालीय, चिमणीला आणू नकोस. ती म्हणाली की अंगावर पिते ती, कोणाकडे ठेवू? लांबून बघीन आणि डॉक्टरांशी बोलीन. मी म्हटलं, मी तुला मारीन. ती हसली. लहानपणी रोज म्हणायचीस, म्हणाली.

फोन ठेवला. ती हसली तेव्हा पलीकडे चिमणी श्वास घेत होती. फोनमधून श्वास कळत नाही. तरी हात—

नाही.

७ डिसेंबर

कुठे जाऊ? माळावर गेले तर माळ ओलांडणारं कोणीतरी भेटेल. बसमध्ये तर नाहीच. गोचिडांच्या खोलीला दोन दारं आहेत, खिडकी नाही, फटी नाहीत. गोचीड बाहेर जाऊ नये म्हणूनच बांधलीय ती. मग झालं तर.

मामांना लांबून हाक मारून सांगितलं. बाहेरच्या दाराला कुलूप घाला. उत्तर येईपर्यंत उघडू नका, मी रडले तरी, गोड बोलले तरी, ताईने पाय धरले तरी. मामांचे डोळे भरून आले. त्यांनी शीळ घालायचा प्रयत्न केला, जमली नाही.

दारांच्या कडांना चिकटपट्टी लावली. मांडणीचं लोखंड भिंतीत पक्कं आहे. गुरं बांधायची साखळी आणली, पायाला आणि मांडणीला. साखळीच्या कुलपाची किल्ली परातीतल्या साबणाच्या पाण्यातून मोरीत सोडून दिली.

खाणं? गोचीड उपाशी राहू शकतो. महिनोन्महिने. त्यांनी मला हे दिलंय ना? मग हेच त्यांच्यावर उलटवीन. वाट बघण्यात मी त्यांना हरवीन. बरणीतले उठले कारण कोणीतरी शहाणी रोज फुंकर घालत गेली. इथे कोणी फुंकर घालायला येणार नाही.

८ डिसेंबर

बसून आहे. निश्चल बसायला फार बरं वाटतं, हेच वाईट. म्हणून हलते. मुद्दाम. पाढे म्हणते. साखळी वाजवते.

मामा बाहेर येतात तेव्हा कळतं. हात वर जातात. खाली घेते. जातात. घेते.

एक सापडलं: लिहीत असले की उजवा हात माझा असतो. पेन धरलेलं बोट ऐकतं. डावा ऐकत नाही. मग लिहायचं. काहीही. चिमणी. चिमणी. पाव. बटण. ताई. पुरलेलं पाखरू.

९ डिसेंबर

भूक आहे. भुकेचं काय एवढं. होऊ दे.

मी विभागप्रमुख आहे. या खोलीतल्या सगळ्या गोचिडांची प्रमुख. एकच आहे म्हणून काय झालं. तो माझं ऐकेल—

तोंडातून लाळ गळते. जीभ बधिर. माझीच जीभ, माझ्याच लाळेने. म्हणजे दुखणार नाही. तिला दुखणार नाही असं मनात आलं. कोणाच्या मनात? माझ्या नाही. खोडलं. खोडलं ते.

१० डिसेंबर

आली.

फाटकातच कळली. दोन श्वास. एक लांब, ओळखीचा, आमच्या घराचा. दुसरा बारीक, भरभर, दुधाचा—

मामांशी भांडतेय. मामा नाही म्हणताहेत. शाबास मामा. म्हणा. नाहीच म्हणा.

मी ओरडले, जा म्हणून. ओरडण्यातून शब्द निघाला नाही.

ती रडत नाही. हसत हसत बोलतेय मामांशी. हसली म्हणजे घेणार. किल्ली घेणार ती. मी ओळखते तिला.

साखळी ताणलीय. पायाचं कातडं गेलं, दुखत नाही. मांडणी हलली. हलू नकोस. भिंत, धर. धर.

बाहेरचं दार. उघडलं—

चिमणी तिच्या कडेवर आहे. लांबून बघीन म्हणाली होती. लांबून नाही आली.

ताई, आतलं उघडू नकोस. पट्टी काढू नकोस. मी बरी नाही, मी गोड बोलत नाही, मी तुझी

पट्टी निघतेय. फटीतून श्वास. ऊब—

लिही. लिहीत राहा. लिहीत असलं की राहतो. डावा केव्हाच वर गेलाय, जाऊ दे डावा. उजवा इथे आहे. कागदावर आहे. हा मी देणार नाही. हा नाही मिळणार तुम्हाला. उजवा माझा आहे. उजवा माझा आहे. उजवा माझा आ